"तो काय करूचो नाय" म्हणण्याआधी: किनाऱ्यावर आणि बागेत कुत्रा फिरवताना लीश कशी सांभाळायची

मे महिन्याच्या सुट्टीत नाहीतर कुठल्याही शनिवार-रविवारी संध्याकाळी पाचनंतर मालवणच्या चिवला बीचवर, तारकर्लीला, रत्नागिरीच्या भाट्येला नाहीतर अलिबागला उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. मुंबई-पुण्याचे पाहुणे म्हणतात "घाबरू नका, तो काही करत नाही", आणि आपले लोक म्हणतात "तो काय करूचो नाय". लीश हातात गुंडाळलेली असते आणि कुत्रा पन्नास फूट पुढे कुणाच्या तरी पोराच्या हातातल्या कणसावर नजर लावून पळत असतो.

मला त्या वाक्याचा खरंच त्रास होतो, कारण ते उत्तरच नाहीये. समोरच्याने प्रश्न वेगळा विचारलेला असतो. समोरच्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असू शकतं आणि तीस किलोचा लॅब प्रेमाने अंगावर आला तरी त्या पडतात, एखाद्या मुलाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, आणि समोरचा दुसरा कुत्रा आजारी, म्हातारा नाहीतर घाबरट असू शकतो, त्याला तुमच्या कुत्र्याशी दोस्ती करायचीच नसते. तुमचा कुत्रा जवळ आलेला चालेल की नाही हे समोरचा ठरवणार, तुम्ही नाही. आणि लीश काढून ठेवली की तो ठरवायचा हक्कच तुम्ही त्याच्याकडून काढून घेता.

आता हे सगळं करायचं कसं ते सांगते. माझं म्हणणं मुळात एवढंच आहे की कुत्र्यांची भांडणं दात लागायच्या वेळी होत नाहीत, ती त्याच्या आधीच अंतर संपल्यामुळे झालेली असतात, आणि अंतर राखणं हे लीश धरणाऱ्याचं काम आहे, कुत्र्याचं नाही.

आधी सामान नीट बघा

साधी चार ते सहा फुटांची, नायलॉनची किंवा कॉटनची चपटी लीश घ्या. बटण दाबलं की लांब होणारी जी डबीवाली लीश मिळते ती बागेत आणि गर्दीच्या बीचवर आणूच नका. एकतर त्या डबीत कुत्रा पाच मीटर लांब गेला की तुमचा कंट्रोल संपला, आणि दुसरं म्हणजे ती बारीक दोरी कुणाच्या उघड्या पोटरीवरून सर्रकन गेली की भाजल्यासारखी जखम होते, बीचवर तर सगळेच हाफपँटवर असतात. शिवाय डबी हातातून सुटली की ती खडखडत कुत्र्याच्या मागे येते आणि तो तिलाच घाबरून अजून जोरात पळतो.

आपल्याकडे एक गोष्ट फार लोक विसरतात, ती म्हणजे खारी हवा. लीशचा हुक तीन-चार महिन्यांत आतून गंजायला लागतो. बाहेरून चकचकीत दिसतो पण स्प्रिंग अडकते आणि जीभ पूर्ण बंद होत नाही, केसाएवढी फट राहते. आणि ती फट नेमकी ज्या दिवशी कुत्रा जोरात हिसका देतो त्या दिवशी उघडते. समुद्रावरून आलं की लीश, कॉलर, हार्नेस सगळं गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवा, आणि बाहेर पडताना हुक अंगठ्याने दोनदा उघडझाप करून बघा, आपोआप टक्कन बंद झाला पाहिजे. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा हुक मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

कॉलर किती घट्ट, तर गळा आणि कॉलरच्या मधे दोन बोटं जातील एवढी. घाबरणारा कुत्रा मागे सरकत सरकत मान काढून घेतो, अशा कुत्र्याला छातीवरून वाय आकारात जाणारा हार्नेस घाला आणि हार्नेस व कॉलर एका छोट्या जोडपट्टीने जोडून ठेवा म्हणजे एक सुटलं तरी दुसरं राहतं. आणि ओढलं की गळा आवळणारी ती चोक चेन कृपा करून नको. दुसरा कुत्रा दिसला की गळा दुखतो एवढंच तो त्यातून शिकतो, आणि मग दुसरा कुत्रा दिसायच्या आधीच अंगावर जायला लागतो.

लीश हाताला वेढे देऊन बांधू नका, जोरात हिसका बसला तर बोट मोडतं. लीशचं टोकाचं कडं अंगठ्यात अडकवा, उरलेली लीश घडी घालून त्याच मुठीत दाबा, आणि दुसरा हात कुत्र्याच्या बाजूला लीशवर हलका ठेवा. लीश नेहमी मधे थोडी झोळ पडलेली हवी. ताणलेली लीश म्हणजे कुत्र्याला मिळालेला निरोप की काहीतरी गडबड आहे, तुम्ही श्वास रोखून लीश आवळलीत की त्याला वाटतं तुम्हीही त्या समोरच्या कुत्र्याला घाबरलात.

अंतर म्हणजे नक्की किती

याला फुटात उत्तर नाही, प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं, पण ओळखायची एक सोपी खूण आहे. खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे ठेवा, बिनमिठाचे, अंड्याचा पांढरा भागही चालतो, खारवलेली सुकी मासळी मात्र नको, त्यात मीठ फार असतं. समोर दुसरा कुत्रा दिसल्यावर तुमच्या कुत्र्याला तुकडा द्या. त्याने शांतपणे घेतला तर अंतर ठीक आहे. बोटं चावत हिसकावून घेतला तर जरा जवळ आलोय. आणि तुकड्याकडे बघितलंच नाही, नजर समोरच रोखलेली राहिली, तर आपण फार जवळ आलोय, तिथे हाक मारत उभं राहू नका, वळा आणि मागे चला.

ज्या अंतरावर तो खाऊ शकतो त्या अंतरावरच शिकवणं होतं. समोर कुत्रा दिसला की तुकडा, दिसेनासा झाला की तुकडे बंद, बस एवढंच. हळूहळू त्याच्या डोक्यात बसतं की दुसरा कुत्रा दिसणं म्हणजे चांगली गोष्ट, आणि तो स्वतःहून कुत्रा बघून तुमच्याकडे मान वळवायला लागतो. ती मान वळली की समजायचं काम व्हायला लागलंय. आठवडे जातात याला, काहींना महिने. घाई करून एकदम जवळ नेलं आणि एकदा मोठं भांडण झालं की बरंच मागे जायला होतं.

आणि इथे आपल्याला समुद्राचा मोठा फायदा आहे जो शहरातल्या लोकांना नाही. ओहोटीला पुळण एवढी रुंद होते की समोरून कुत्रा येताना दिसला तर तुम्ही सहज पाण्याच्या कडेला किंवा सुरूच्या बनाकडे सरकून भरपूर अंतर घेऊ शकता. पण त्याच जागी भरतीला, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नक्कीच, चालायला अरुंद पट्टी उरते, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला बंधाऱ्याचे दगड नाहीतर हॉटेलची कुंपणं. मग समोरासमोर आलेल्या दोन कुत्र्यांना जायला जागाच नसते. त्यामुळे भांडखोर किंवा घाबरट कुत्रा असेल तर घड्याळ बघून नाही, भरती-ओहोटी बघून फिरायला निघा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे गेल्या आठवड्यात सकाळी सातला मोकळा असलेला किनारा या आठवड्यात सातला मोकळा असेलच असं नाही. मोबाइलवर बघा नाहीतर होडीवाल्यांना विचारा, त्यांच्या तोंडपाठ असतं.

याच्या उलट आपल्या वाडीतली पाणंद. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधे दोन माणसं जेमतेम जातील एवढी वाट, वर वळणं, पलीकडचं दिसत नाही. इथे अंतर घ्यायला जागाच नाही. मग काय करायचं, तर वळणाच्या आधी थांबायचं, कुत्र्याला गडग्याच्या बाजूला घ्यायचं आणि स्वतः मधे राहायचं, आणि सरळ हाक द्यायची "कुत्रो आसा हां, येव काय?" पलीकडून कुणी कुत्रा घेऊन येत असेल तर तो थांबतो. ज्याला मागे जायला बेडं (आवाराचं फाटक) किंवा मोकळं खळं (अंगण) जवळ आहे त्याने मागे जायचं, यात मानापमान कसला. मी तर म्हणेन रिअॅक्टिव, म्हणजे दुसरा कुत्रा दिसला की भुंकत अंगावर जाणारा कुत्रा असेल तर पाणंदीतून जाऊच नका, डांबरी रस्त्याने लांबून जा.

कुत्रा आधीच सांगत असतो

लोक म्हणतात "अचानक चावला". अचानक फार क्वचित असतं. समोरच्याकडे बघून कुत्रा वारंवार जीभ नाकावर फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान दुसरीकडे वळवतो पण डोळे इकडेच ठेवतो म्हणून डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसतो, जमीन हुंगायला लागतो. हे सगळं "मला हे नकोय" असं सांगणं आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे तोंड बंद होणं. हे बघायला शिका. आत्तापर्यंत जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा तोंड मिटतो, अंग ताठ होतं, वजन पुढच्या पायांवर येतं, नजर एका जागी खिळते. त्या क्षणाला तुमच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. तेव्हाच वळायचं.

शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे हा मोठा गैरसमज आहे. सैल, रुंद, कमरेसकट हलणारी शेपटी वेगळी आणि काठीसारखी उंच धरून टोकाला थरथरणारी शेपटी वेगळी. पाठीवरचे केस उभे राहिले म्हणजे चावणारच असंही नाही, तो फक्त खूप उत्तेजित झालाय, भीतीनेही होतो आणि खेळाच्या नादातही, पण अंतर वाढवायची वेळ झाली हे नक्की.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. खूप घरांमधे हे होतं, गुरगुरला की एक फटका. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली वॉर्निंग आहे आणि ती मारून मारून बंद केली तर पुढच्या वेळी तो वॉर्निंग न देता चावेल. गुरगुरला की त्याला तिथून लांब न्या आणि मग विचार करा की कशामुळे गुरगुरला.

आणि ज्याने कधी केलं नाही तो कुत्रा एकदम चिडचिडा झाला तर आधी डॉक्टर. पावसात आपल्याकडे कान सतत ओले राहून आत पिकतात, बोटांच्या बेचक्यात गोचीड बसतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे दुखतात. दुखत असताना कुणी अंगावर आलं की कुठलाही प्राणी तोंड टाकतो. नसबंदीने नर कुत्र्यांचं भटकणं आणि मादीवरून होणारी भांडणं कमी होऊ शकतात पण भीतीपोटी चावणारा कुत्रा नसबंदीने शांत होईल ही अपेक्षा ठेवू नका.

दोघं लीशवर असताना भेट घडवायची असेल तर

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा घडवायचीच गरज नसते. आपण ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबतो आणि दोन कुत्रे नाकाला नाक लावून उभे राहतात, लीश ताणलेल्या. मोकळे कुत्रे असे भेटतच नाहीत, ते वळसा घेऊन बाजूने येतात, मागून हुंगतात आणि निघून जातात. लीशवर त्यांना वळसाही घेता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही, मग उरतं काय, भांडण.

तरी भेटवायचंच असेल तर लांबून, थांबून, तोंडाने विचारा, "आमच्याला जवळ आणू का?" नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. हो म्हटलं तर आधी दोघांना एकाच दिशेने, मधे दहा-पंधरा फूट सोडून, थोडा वेळ समांतर चालवा. बीच याच्यासाठी उत्तम. दोघं सैल झाले की लीश सैल ठेवून बाजूने येऊ द्या, मनातल्या मनात एक दोन तीन म्हणा आणि आनंदाने हाक मारून पुढे चला. परत यायचं असेल तर परत तीन सेकंद. एकाने तोंड मिटलं, ताठ झाला, की तिथेच संपवा.

लहान मुलं पळत येतात तेव्हा मुलाला ओरडू नका, कुत्रा आपल्या पायांच्या मागे घ्या आणि हात पुढे करून "थांब बाळा" म्हणा. हात लावायचाच असेल तर छातीला किंवा खांद्याला, डोक्यावरून हात नेऊन नाही, आणि कुत्रा स्वतः पुढे आला तरच.

लीश न लावलेला कुत्रा तुमच्याकडे येत असेल आणि मालक लांबून तेच वाक्य ओरडत असेल तर मी एकच सांगते, "माझा चावतो, तुमचा धरा." तुमचा चावत नसला तरी सांगा. लोक आपला कुत्रा चांगला आहे या भरवशावर उभे असतात, दुसऱ्याचा चावतो म्हटलं की लगेच धावतात.

आपल्या किनाऱ्यावरच्या काही खास जागा

रापण ओढली जात असेल तिथून कुत्रा लांबच ठेवा. मी हे पोटतिडकीने सांगतेय. दोर किनाऱ्यावर येतात, माणसं कमरेत वाकून ओढत असतात, जाळं वर येतं आणि पुळणीवर मासळीचा फडफडता ढीग पडतो, वर कावळे-घारी, आणि बाजूला तिथले गावठी कुत्रे अर्धवर्तुळ करून बसलेले. ते बसलेले दिसतात शांत, पण ती त्यांची रोजची जेवणाची जागा आहे, प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. त्यात लीशवरचा गुबगुबीत पाहुणा नाक खुपसायला गेला की सगळे एकदम उठतात, आणि लीशवरच्या कुत्र्याला पळायला जागा नसते. शिवाय दोरात पाय अडकून काम करणारी माणसं पडू शकतात, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे तो. जाळ्यातून बाजूला फेकलेला केंड मासा कुत्र्याने तोंडात घेतला तर तो विषारी असतो, जीवावर बेतू शकतं. हर्णेच्या बंदरावर लिलावाच्या वेळी, मासळी सुकत घातलेल्या जागी, चायनीजच्या गाड्यांच्या मागे, सगळीकडे हेच.

नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, वेळास, आंजर्ले, गावखडी, वायंगणी आणि अजून बऱ्याच किनाऱ्यांवर, आणि पुढे मेपर्यंत पिल्लं निघत असतात. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्युल एकचं संरक्षण आहे आणि कुत्र्याला वाळूतलं घरटं उकरायला फार वेळ लागत नाही. या दिवसांत अशा किनाऱ्यांवर रात्री-पहाटे कुत्रा नेऊ नका, दिवसा नेला तर लीश काढू नका, जाळी लावलेल्या भागाच्या आसपासही नको.

शिमग्याची पालखी, गणपती विसर्जन, ढोल आणि फटाके, या गर्दीत कुत्र्याला आणणं म्हणजे त्याला छळणं आहे, घरी ठेवा. आणि वाडीच्या कडेला, अंधार पडल्यावर किंवा उजाडायच्या आधी फिरत असाल तर लीश आखूड आणि बॅटरी हातात, बिबट्याला कुत्रा आवडतो हे गावात कुणालाही विचारा.

ऊन. वाळूवर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याच्या पंजालाही भाजतंय. तापलेला, तहानलेला कुत्रा चिडका होतो आणि समुद्राचं पाणी प्यायला की उलट्या-जुलाब होतात. गोडं पाणी बाटलीत घेऊनच जा.

मझलबद्दल लाज नको

ज्याचा कुत्रा आधी चावलाय, त्याने जाळीचं मझल, म्हणजे तोंडावर घालायचं मुसकं वापरावं, टोपलीसारखं, ज्यात कुत्रा तोंड उघडून धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, खाऊ घेऊ शकतो. कापडी, तोंड आवळून बांधणारं मझल आपल्या दमट हवेत फिरताना वापरू नका, कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, धाप लागूनच त्याचं अंग थंड होतं, तोंड बांधलं की उष्माघात. सवय करताना मझलच्या आत थोडं दही लावा, त्याला स्वतःहून तोंड घालू दे, बरेच दिवस पट्टा बांधूच नका. आणि रस्त्यात मझल लावलेला कुत्रा दिसला तर बाजूला होताना मालकाकडे खुनशी बघू नका हो, तो माणूस तुमचीच काळजी घेतोय.

गेटला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवलेल्या राखणीच्या कुत्र्याबद्दलही बोलायला हवं. येणारा-जाणारा दिसतो, पोचता येत नाही, रोज तेच, आणि मग एके दिवशी साखळी तुटते आणि तो पोस्टमनच्या नाहीतर शाळेतल्या मुलाच्या अंगावर जातो. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरता म्हणूनच लिहिलंय. आवाराच्या गडग्यावर जाळी लावा, दिवसातून दोनदा लीशवर फिरवा, त्या कुत्र्याचा स्वभाव बदललेला दिसेल. आणि आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गावठी कुत्रे अंगावर आले तर

पळू नका. आपल्या कुत्र्याला मागे घ्या, थांबा, सरळ उभं राहा, खालच्या जाड आवाजात "हाड, घरी जा" म्हणा. खाली वाकून दगड उचलल्याचं नुसतं नाटक केलं तरी बहुतेक मागे सरतात, दगड मारायची गरज नसते आणि मारूही नका. त्यांच्या बाजूला मूठभर खाऊ फेकला तर ते खाण्यात गुंततात आणि तुम्हाला निघायला वेळ मिळतो, मात्र टोळीत एकमेकांशी भांडायची शक्यता असेल तर हा उपाय नको. सगळ्यात भारी हत्यार म्हणजे आपली छत्री. बटणवाली छत्री त्यांच्या तोंडासमोर फटकन उघडली की ते दचकतात आणि मधे भिंतही तयार होते. फक्त आधी घरी आपल्या कुत्र्याला त्या आवाजाची सवय करा, नाहीतर तोच लीश तोडून पळायचा. छोटा कुत्रा उचलून घेतला तर दुसरा उडी मारून तुमचा हात धरू शकतो, जवळ गाडी, गडगा, होडी असेल तर त्यावर ठेवणं बरं.

शेपटी लुळी पडलीय, लाळ गळतेय, चालताना झोकांड्या, समोर येईल त्याला तोंड टाकतोय असा कुत्रा दिसला तर हे काही करू नका, लांब निघा आणि नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. आणि बाकीच्या भटक्यांसाठी, त्यांची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याच जागी सोडणं ही २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, त्याचा पाठपुरावा लेखी अर्ज करून करा.

जुंपलीच तर

दोन कुत्र्यांच्या तोंडांच्या मधे हात घालू नका, कॉलरलाही हात नको, कारण त्या वेळी तुमचा कुत्रा तुम्हाला ओळखत नाही. पाण्याची बादली असेल तर तोंडावर मारा, छत्री, खुर्ची, बॉडीबोर्ड, जे मिळेल ते मधे सरकवा. दोन माणसं असतील तर एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय वरून, मांडीजवळ धरायचे, उचलायचे आणि मागे चालत गोल वळायचं, म्हणजे तो वळून तुम्हाला चावू शकत नाही. एकाने घट्ट पकडलं असेल तर ओढू नका, ओढलं की कातडी फाटते, सोडेपर्यंत धरून ठेवा आणि सोडला की मग मागे. एकच माणूस असेल तर जो जास्त तुटून पडलाय त्याचे पाय धरा, पण आधी दुसऱ्याला कुणीतरी अडवू शकेल का ते बघा.

नंतर दोघांना एकमेकांच्या नजरेआड न्या. मालकांनी तिथे वाद घालू नये, फोन नंबर घ्या आणि लसीकरणाचं कार्ड एकमेकांना दाखवा. कुत्र्याच्या अंगावरून बोटं फिरवून केसांखाली भोकं शोधा, बाहेर टाचणीएवढं दिसतं पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते, आणि आपल्या दमट हवेत ते दोन दिवसांत पिकतं. त्याच दिवशी डॉक्टरकडे.

माणसाला दात लागले, नुसता ओरखडा असला तरी, पहिलं काम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू जखमेत असतो आणि साबण त्याला मारतो, त्यामुळे हे धुणं म्हणजे नुसती स्वच्छता नाही, अर्धा उपचार आहे. हळद, चुना, मिरची, तेल काही भरू नका. मग लगेच ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, सरकारी दवाखान्यात लस फुकट असते. कातडीत देतात ती त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दंडात, पोटात चौदा इंजेक्शनं हे जुनं झालं. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, डॉक्टरांना विचारा, ते तिथे नसेल तर कुठे मिळेल तेही विचारून लगेच निघा. "पाळीव आहे, लस घेतलेली आहे" म्हणून घरी बसू नका, चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती उपचार सुरू करून, उपचाराऐवजी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्रा घेऊन कोकणात यायचं असेल तर

होमस्टेवाल्याला बुकिंग करतानाच चार गोष्टी विचारा: आवाराला कुंपण पूर्ण आहे का, घरचे कुत्रे-मांजरं मोकळी असतात का, किनाऱ्यावर जायची वाट पाणंदीतून आहे की रस्त्याने, आणि रापण किंवा लिलाव कुठे आणि किती वाजता असतो. पिल्लू असेल आणि पार्वोच्या (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराच्या) लसी पूर्ण झालेल्या नसतील तर पुळणीवर खाली सोडूच नका, खांद्यावर घेऊन समुद्र दाखवा, तेही शिकणंच आहे. पोचल्यावर पहिली संध्याकाळ आवारातसुद्धा लीश काढू नका, गाडीत सहा-आठ तास बसून आलेला कुत्रा थकलेला आणि बावचळलेला असतो आणि नवीन जागी बेडं उघडं दिसलं की सुटतो, वाट माहीत नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटी बघून, आधी मोकळ्या किनाऱ्यावर लांब दोरीवर सोडा, आठ-दहा मीटरची साधी दोरी, हार्नेसला बांधलेली, कॉलरला कधीच नाही कारण धावत जाऊन दोरी संपली की मानेला झटका बसतो. तिथे हाक मारल्यावर येतोय, खाऊ घेतोय, दुसरं कुणी दिसलं तरी तुमच्याकडे बघतोय, असं दिसलं तरच संध्याकाळी गर्दीच्या बाजूला न्या, आणि तिथे परत आखूड लीश.